पोर्टफोलिओतला चेहरा आणि आपला चेहरा

होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या गावांना बोहाड्याचे वेध लागतात. मोखाडा, पोशेरा आणि आसपासच्या गावांत मुखवटे बाहेर निघतात. संबळ-सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात गणपती येतो, शारदा येते, नरसिंह आणि रावण येतात, शेवटी जगदंबा आणि महिषासुराचे युद्ध होते. यातल्या कोणत्याही सोंगाला कुणी फोटो मागत नाही. मुखवट्यामागचा माणूस सावळा की गोरा, त्याचे नाक धारदार की बसके, याची तिथे कुणी चौकशी करत नाही. सोंग कसे नाचवले, एवढेच बघितले जाते.

याच गावांतल्या मुलामुलींच्या हातात आता मोबाइल आहे आणि त्यावर ‘नवीन चेहरे हवेत’ अशा जाहिराती येतात. मालिका असो, वेब सीरिज असो की लघुपट, पहिली मागणी एकच असते : क्लोजअप पाठवा. मग कुणी जव्हारच्या किंवा नाशिकच्या स्टुडिओत जाते, कुणी मित्राच्या फोनवर काम भागवते. दोनशे-तीनशे फोटो निघतात आणि त्यातून पाच-सहा निवडायचे असतात. कोणते निवडायचे?

हा प्रश्न डॉक्टरचा नाही असे वाटेल. पण त्याचे निम्मे उत्तर आपला मेंदू चेहरे कसे वाचतो यात आहे, आणि उरलेले निम्मे बाह्यरुग्ण विभागात आमच्यासमोर बसलेले असते. फोटो चांगला यावा म्हणून चेहऱ्यावर काय काय चोळले जाते, याचे परिणाम आम्ही नेहमी पाहतो. म्हणून या आठवड्यात हा विषय.

पापणी लवण्याआधी झालेले मत

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी चेहऱ्यांचे फोटो काहींना सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले आणि विचारले, हा माणूस विश्वासू वाटतो का, आवडण्याजोगा वाटतो का, आक्रमक वाटतो का? दुसऱ्या गटाला हवा तेवढा वेळ दिला. दोन्ही गटांची मते बरीचशी जुळली. जास्त वेळ मिळाला की मत बदलण्यापेक्षा त्या मताबद्दलची खात्री तेवढी वाढत होती.

ही मते बरोबर असतात असे मात्र नाही. चेहऱ्यावरून कुणाचा प्रामाणिकपणा कळत नाही. पण मत तयार होते आणि ते फार लवकर होते. एका भूमिकेसाठी शेकडो फोटो चाळणारा माणूस प्रत्येकावर फार वेळ थांबू शकत नाही. त्याच्या मनात ‘हा शेतकऱ्याचा मुलगा वाटतो’, ‘ही शिक्षिका वाटते’ असे काहीतरी क्षणात उमटते आणि बोट पुढे सरकते. म्हणून फोटोची निवड महत्त्वाची.

एक माणूस, अनेक चेहरे

आपला चेहरा एकच आहे आणि फोटो म्हणजे त्याची नक्कल, असे आपण समजतो. ते खरे नाही. २०११ मध्ये ब्रिटनमधील संशोधक रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील दोन प्रसिद्ध महिलांचे प्रत्येकी २० असे ४० फोटो मिसळले. त्या दोघींना न ओळखणाऱ्या ब्रिटिश लोकांना सांगितले की एका व्यक्तीचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. गठ्ठे दोनच व्हायला हवे होते. पण लोकांनी साधारण सात-आठ वेगवेगळ्या व्यक्तींचे फोटो आहेत असे समजून गठ्ठे केले. त्या दोघींना ओळखणाऱ्या डच लोकांना मात्र हे काम अगदी सोपे गेले.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, उजेड, अंतर, मान किती वळली आहे, केस कसे आहेत, ओठ मिटलेले की उघडे, एवढ्यावर अनोळखी नजरेला माणूस बदललेला वाटतो. दुसरी, जे आपल्याला ओळखतात त्यांना हा फरक दिसतच नाही. आई, बहीण, जिवलग मित्र यांना तुमच्या प्रत्येक फोटोत तुम्हीच दिसता. फोटो पाहणारा मात्र तुम्हाला कधीच भेटलेला नसतो. तुमच्या फोटोत त्याला जे दिसते, ते घरच्यांना दिसू शकत नाही.

स्वतःचा फोटो का पटत नाही?

‘फोटोत मी अशी का दिसते?’ ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. तिचे एक साधे कारण आहे. आपण स्वतःला जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे उजवी-डावी बाजू उलटलेली पाहतो. चेहऱ्याच्या दोन बाजू कुणाच्याच तंतोतंत सारख्या नसतात. भांग एका बाजूला असतो, एक भुवई किंचित वर असते, हसताना ओठाचा एक कोपरा जास्त उचलला जातो. फोटोत हे सगळे आपल्या सवयीच्या उलट दिसते. १९७७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मिता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी तरुणींना त्यांचा सरळ फोटो आणि आरशासारखा उलटवलेला फोटो दाखवला. त्यांना स्वतःला उलटवलेला आवडला, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ. जे रोज दिसते ते बरे वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण जरा अवघड आहे. एप्ली आणि व्हिटचर्च यांनी २००८ मध्ये लोकांचे फोटो संगणकावर थोडे अधिक देखणे आणि थोडे कमी देखणे असे करून त्यांच्यापुढे ठेवले. स्वतःचा खरा फोटो ओळखायला सांगितल्यावर लोकांचा कल किंचित देखण्या केलेल्या फोटोकडे होता. मनात जपलेला आपला चेहरा खऱ्यापेक्षा थोडा उजवा असतो. त्यामुळे निवड करायला बसलो की आपण आपल्यासारखा दिसणारा फोटो बाजूला सारतो आणि मनातल्या चेहऱ्याशी जुळणारा उचलतो.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाइट, क्लेअर सदरलंड आणि अमी बर्टन यांनी २०१७ मध्ये याचीच परीक्षा घेतली. शंभरावर विद्यार्थ्यांनी स्वतःचे प्रत्येकी १२ फोटो दिले. त्यातून कामासाठी, मित्रांसाठी आणि विवाहेच्छू संकेतस्थळासारख्या जागेसाठी कोणता चांगला, हे त्यांनी स्वतः ठरवले. पुढे अनोळखी लोकांनीही त्याच फोटोंतून निवड केली. मग हे फोटो तिसऱ्याच लोकांना दाखवले, तेव्हा परक्यांनी निवडलेल्या फोटोंनी अधिक चांगली छाप पाडली.

अभिनयाच्या पोर्टफोलिओसाठी यातून एक सरळ नियम निघतो. अंधूक, डोळे मिटलेले, हललेले फोटो तुम्ही काढून टाका. उरलेल्या पंधरा-वीस फोटोंची अंतिम निवड तुम्हाला न ओळखणाऱ्या चार-पाच जणांवर सोपवा. दुसऱ्या गावातल्या मित्राचे वर्गमित्र, कॉलेजमधले दुसऱ्या शाखेचे शिक्षक, कुणीही चालेल. त्यांना ‘मी कशात छान दिसतो?’ असे विचारू नका. ‘हा माणूस काय काम करत असेल? याचे वय काय असेल? याच्या मनात काय चालले असेल?’ असे विचारा. ज्या फोटोवर वेगवेगळ्या लोकांची उत्तरे जुळतात, तो फोटो काहीतरी स्पष्ट सांगतो आहे. तोच ठेवायचा.

अंतर आणि उजेड

हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा तुमच्या नाकाचा दोष नाही, भूमितीचा आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ असला की नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक त्या जवळीकीच्या मानाने मोठा ठरतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारदांनी याचा गणिती हिशोब मांडला. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त भासते. ५ फुटांवरून हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्या तरुणांची संख्या वाढल्याने त्यांना हा हिशोब मांडावा लागला. तेव्हा पोर्टफोलिओत सेल्फी नको. दुसऱ्याने पाच-सहा फुटांवरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून आणि थोडे झूम करून काढलेला फोटो हवा.

दुसरी गोष्ट उजेडाची. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप समोरचे दृश्य मध्यम राखाडी छटेच्या आसपास आणू पाहते. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे सावळा माणूस उभा राहिला की कॅमेऱ्याला दृश्य फार उजळ वाटते, तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. फोटो पाहून मुलगा म्हणतो, ‘मी किती काळा दिसतो!’ दोष त्याच्या रंगाचा नसून भिंतीचा असतो. हल्लीचे फोन चेहरा ओळखून ही चूक सुधारतात, पण कित्येकदा सुधारतानाच रंग फिका करतात आणि त्वचेचा पोत पुसून टाकतात. हा ‘ब्यूटी’ पर्याय अनेक फोनांत आपण न सांगताही सुरू असतो. फोटो काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करावा.

स्टुडिओवर पैसे घालवणे जमत नसेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पडवीच्या कडेला, अंगावर थेट ऊन न येता मोकळ्या आभाळाचा उजेड चेहऱ्यावर पडेल असे उभे राहा. मागे शेणाने सारवलेली भिंत, झाडोरा किंवा राखाडी पडदा असला तर सावळा रंग त्याच्या खऱ्या छटेसह येतो. पोशेऱ्यासारख्या गावात अशा जागांना तोटा नाही.

डोळ्यांतले हसू

फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवर ग्रंथ लिहिला. विजेच्या सौम्य झटक्याने एकेक स्नायू आकुंचित करून त्यांनी दाखवले की ओठांचे कोपरे वर उचलणारा स्नायू आपण मनात आणू तेव्हा हलवू शकतो, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा गोल स्नायूही आकसतो आणि डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा पडतात. ‘हसा’ म्हटल्यावर आलेले हसू बहुधा ओठांपाशीच थांबते. नंतरच्या अभ्यासात काही जणांना हा डोळ्यांचा स्नायूही ठरवून हलवता येतो असे दिसले, आणि नटाकडून तर तीच अपेक्षा असते.

म्हणून फोटो काढताना ‘स्माइल’ म्हणण्यापेक्षा गप्पा मारा, आठवण सांगायला लावा आणि त्या वेळी कळ दाबा. निवडताना फोटोतला तोंडाचा भाग हाताने झाका. नुसत्या डोळ्यांत काही दिसते का ते पाहा. गंभीर फोटोलाही हीच कसोटी लागू आहे.

तीन आठवड्यांत गोरे होण्याची घाई

आता या विषयाच्या खऱ्या काळजीच्या भागाकडे येतो. फोटो काढायची तारीख ठरली की बरेच जण आधी गोरे व्हायला निघतात. आठवडी बाजारातली, ओळखीच्या पार्लरमधली, ऑनलाइन मागवलेली किंवा औषध दुकानातून तोंडी मागून घेतलेली ट्यूब सुरू होते. आठ-दहा दिवसांत चेहरा खरोखर उजळ दिसतो. तिथेच फसगत होते.

यातल्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. स्टेरॉइडने त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे सुरुवातीला त्वचा फिकी दिसते. पुढे तीच त्वचा पातळ होते, लाल जाळीसारख्या शिरा दिसू लागतात, पुरळ येते, मुलींच्या गालावर केस वाढतात, उन्हात आग होते. मलम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते आणि सुटका होत नाही. त्यावर गजकर्ण झालेले असले तर ते स्टेरॉइडखाली दबून वेगळ्याच रूपात पसरते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यातले बरेचसे ते गोरेपणाचे किंवा साधे रोजचे क्रीम समजूनच लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण चिठ्ठी न मागणारी दुकाने आजही आहेत.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेतल्या रंगद्रव्याच्या निर्मितीला लागणारे विकर रोखतो, म्हणून बेकायदा क्रीममध्ये तो घातला जातो. त्वचेतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात गाळणीच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले गेले. त्यातल्या १५ जणांत एक विरळा प्रकार सापडला आणि त्या पंधरापैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. महाराष्ट्रातही २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे आणि त्याचा माग स्थानिक क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत लागल्याचे वृत्त आले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची तपासणी झाली. क्रीम लावणारी एकच असली तरी टॉवेल, उशी, हात यांतून पारा घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचतो, हेही लक्षात ठेवावे.

ओळखायचे कसे? वेष्टनावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक किंवा घटकांची यादी नसेल तर ती वस्तू चेहऱ्याला लावू नये. ‘मर्क्युरी’, ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ हे शब्द असतील तर नाहीच. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याची खूण असू शकते. क्रीम वापरताना लघवीला न विरणारा फेस येऊ लागला, सकाळी पापण्या सुजू लागल्या, पाय चढले, तर ट्यूब सोबत घेऊन लगेच सरकारी रुग्णालयात या. लघवीची साधी तपासणी तिथे होते. स्टेरॉइड बराच काळ लावले असेल तर मनाने काही बदल करू नका. ते कसे थांबवायचे हे डॉक्टर सांगतील, म्हणजे चेहरा भडकणार नाही.

रंगाबद्दल एक शास्त्रीय गोष्ट सांगायला हवी. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कशा आकाराचे रंगकण बनवतात यात. हे रंगकण सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचे संरक्षण करतात. उन्हात शेतात काम करणाऱ्या पिढ्यांनी आपल्याला दिलेली ही ढाल आहे. पडद्यालाही तिचे वावडे नाही. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत होत्या, तेव्हा श्याम बेनेगल यांनी त्यांना पाहिले. ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ त्यानंतरचे. २०१३ च्या ‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे हा गावात हलगी वाजवणारा मुलगा, त्याला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग भूमिकेच्या आड आला नाही.

जे पुसले जाते, ते आम्हाला हवे असते

फोटो ‘क्लीन’ करताना नेमके काय पुसले जाते, ते एकदा डॉक्टरच्या नजरेने पाहा.

डोळ्यांचा पिवळेपणा पांढरा केला जातो. तो कावीळ असू शकतो, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात तो सिकलसेलचाही असू शकतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. मानेवरचा काळा, मखमलीसारखा जाड पट्टा घासून किंवा एडिट करून घालवला जातो. तो मळ नसतो, अनेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते, आणि तिथे साखर तपासायला हवी. हनुवटीवरचे राठ केस, न जाणारे मुरूम आणि त्यासोबत अनियमित पाळी असेल तर ती स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायची बाब आहे.

उलटेही घडते. एखादी मुलगी ‘या महिन्यात उजळली’ म्हणून घरचे खूश होतात आणि आम्हाला तिच्या खालच्या पापणीत, जिभेवर, तळहातावर रक्त दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तो फिकटपणा गोरेपणा नव्हे. लोहाच्या गोळ्या, जंतांचे औषध आणि नीट आहार यांनी दोन-तीन महिन्यांत चेहऱ्यावर जो तजेला येतो, तो कोणत्याही क्रीमने येत नाही.

बालकलाकारांच्या पालकांसाठी एक वेगळी सूचना. फ्लॅशच्या फोटोत मुलाची एक बाहुली लाल आणि दुसरी वारंवार पांढरट चमकताना दिसली तर ती दुरुस्त करून पुढे जाऊ नका. फोटोचा कोन बदलल्यानेही असे होऊ शकते, पण क्वचित तो मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असतो. तो लवकर सापडला तर मुलाचा जीव वाचतो, आणि पुष्कळदा दृष्टीही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.

आणखी एक. थायरॉइडमुळे डोळे पुढे येणे, एक पापणी खाली येणे, पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे जबडा आणि नाक हळूहळू मोठे होणे, असे बदल इतक्या सावकाश होतात की घरच्यांना ते उमगत नाहीत. तेव्हा आम्ही जुने फोटो मागतो आणि ते शेजारी ठेवून आजार कधी सुरू झाला याचा अंदाज बांधतो. फिल्टर लावलेल्या फोटोंवरून असा अंदाज बांधता येत नाही. म्हणून पोर्टफोलिओ बनवताना प्रत्येक फोटोची मूळ, न बदललेली प्रत जपून ठेवा.

प्रत्यक्ष निवड करताना

पोर्टफोलिओत सहसा समोरून एक क्लोजअप, दोन्ही बाजूंनी एकेक, कमरेपर्यंतचा एक आणि पूर्ण उंचीचा एक असे फोटो लागतात. मेकअपशिवाय फोटो मागितला असेल तर तो खरोखर मेकअपशिवायच पाठवा. फोटो सहा महिने ते वर्षभराच्या आतला असावा. केस कापले, दाढी वाढवली, वजन बरेच बदलले तर नवा काढावा.

निवड त्याच दिवशी करू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या, नजर थोडी परकी होते. फोटो आधी अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा, कारण समोरचा तो बहुधा तसाच आधी बघणार आहे. लहान आकारातही डोळे दिसत असतील तर तो ठेवा. मग मोठा करून बघा. त्वचेचा पोत, तीळ, जुना व्रण दिसतो का? दिसायला हवा. काल उठलेला फोड पुसला तर हरकत नाही, तो चार दिवसांत जाणारच आहे. जे कायम राहणार आहे ते पुसायचे नाही. सारखे दिसणारे पाच फोटो ठेवण्यापेक्षा वेगवेगळे भाव असलेले तीन ठेवा.

फोटोच्या आधी चार दिवस उपाशी राहून गाल आत घेण्याचे, पाणी तोडण्याचे प्रकार करू नका. अशाने चक्कर येते आणि डोळे खोल जातात, तेच फोटोत दिसते. नवे क्रीम, फेशियल, ब्लीच यांतले काहीही आदल्या आठवड्यात पहिल्यांदा करू नका, कारण वावडे असेल तर तेव्हाच कळते. रात्री पुरेशी झोप, भरपूर पाणी, साध्या साबणाने धुतलेला चेहरा आणि उन्हात जाताना डोक्यावर टोपी किंवा रुमाल, एवढी तयारी पुरते. तंबाखू-गुटख्याने दातांवर आणि ओठांवर चढलेला रंग मात्र कोणत्याही उजेडात लपत नाही. तो सोडायला हे एक चांगले निमित्त आहे. आणि फोटो पाहण्यासाठी किंवा ऑडिशनसाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथे फोटोही पाठवू नका, पैसेही नाहीत.

शेवटची कसोटी सगळ्यात सोपी आहे. निवडलेला फोटो एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि त्याला एस.टी. स्टँडवरच्या गर्दीत तुम्हाला शोधायला सांगा. त्याने तुम्हाला चटकन ओळखले तर फोटो योग्य आहे. ऑडिशनच्या दारात हेच होणार असते : फोटो पाहून बोलावलेला माणूस आत येतो आणि समोरचा पुन्हा एकदा फोटोकडे बघतो. त्या क्षणी दोन्ही चेहरे जुळले की पुढचे काम अभिनयाचे. ते जुळावेत म्हणून आपला चेहरा बदलायची गरज नाही, चुकीचे फोटो तेवढे बाजूला काढायचे आहेत.